तीन संगणक, एक टेबल

घरातल्या अक्षरजुळणीला तीन संगणक कशाला लागतात, हे खानदेशातल्या चोपड्यात मला जवळजवळ प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतं. शेजारच्या आजी उंबऱ्यातूनच म्हणाल्या होत्या, “ताई, इतला टीव्ही कसाले?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र मराठी फॉन्टचा इतिहास सांगावा लागतो.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं, त्यांचं आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आलं. मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आलं. या फॉन्टांवर गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी संसार उभे केले. प्रत्येकाची संकेतांची पद्धत निराळी. एकात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की भलतीच चिन्हं दिसायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कधी कळलंच नाही, आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकर पुढे सरकलाच नाही. त्यामुळे छपाईचं मराठी जुन्या फॉन्टांत राहिलं आणि मोबाइलवरचं मराठी युनिकोडमध्ये गेलं. आज पतसंस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे येतो तो मागच्या पेजमेकर फाइलीतून, आणि अध्यक्षांचं मनोगत येतं ते व्हॉट्सॲपवरून. दोन्ही एकाच पुस्तिकेत बसवायचं असतं.

जुन्या फॉन्टांना कुलूप असायचं, म्हणजे डोंगल. माझं कुलूप प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागतं. नव्या संगणकांना ते पोर्टच नाही. म्हणून एक जुना संगणक, विंडोज एक्सपीवर, फक्त जुन्या फाइली उघडण्यासाठी. दुसरा नवा, इनडिझाइन आणि कोरलसाठी. तिसरा लॅपटॉप: मेल, बिलं, छापखान्याला फाइल पाठवणं, आणि लाईट गेली की हातातलं काम पुरं करणं. तिन्हींना आपापलं काम आहे, म्हणून तिन्ही टेबलावर आहेत.

*

चोपड्यात टेबल मांडायचं तर क्रम असा धरावा: आधी लाईट, मग ऊन, मग मान आणि डोळे, आणि शेवटी मॉनिटर. जाहिराती हा क्रम उलटा शिकवतात. माणूस आधी मोठा मॉनिटर आणतो, तो जुन्या टेबलावर ठेवतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात मान, डोळे आणि मशिन तिन्ही कुरकुरू लागतात.

*

अर्थिंग. यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, आणि लोक “चालतं, थोडा करंट येतो” म्हणून सोडून देतात. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये एक फिल्टर असतो. त्यातून किंचित गळणारी वीज अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर थांबते. एकच संगणक असेल तेव्हा झिणझिण्यांवर भागतं. दोन संगणक आणि तीन मॉनिटर केबलींनी एकमेकांना जोडले की तीच वीज एचडीएमआयच्या केबलीतून वाट काढते आणि पोर्ट जळतो.

वायरमनला सांगून घराच्या मागच्या अंगाला खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. माती कोरडी पडली की अर्थिंगही निकामी होतं. दुसरी गोष्ट वायरमननेच सांगितली आणि ती सोन्यासारखी आहे: एकमेकांना जोडलेली सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा. एक संगणक या भिंतीवरून, मॉनिटर त्या भिंतीवरून, असं करू नका.

*

यूपीएस आणि इन्व्हर्टर, दोन्ही हवेत. संगणक आणि दोन मॉनिटर मिळून माझं टेबल साधारण २०० वॅट घेतं. २४ इंची एलईडी मॉनिटर जेमतेम २०-२५ वॅटचा असतो. एक केव्हीएचा यूपीएस हे ओझं दहा-पंधरा मिनिटं पेलतो. तेवढ्यात फाइल सेव्ह होते, आणि तेवढ्यासाठीच तो आहे. पुढचं काम इन्व्हर्टरचं. १५० एएचची चांगली बॅटरी याच टेबलाला चार-पाच तास ओढते. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, तो ‘यूपीएस’कडे ठेवायचा, नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात संगणक बंद पडतो. पंख्याला आणि दिव्याला तो क्षण कळतही नाही.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावर शाईची पूड भाजण्यासाठी त्याचा रूळ तापतो तेव्हा तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

फायबरच्या डब्याला आणि राउटरला स्वतंत्र छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो. किंमत थोडी, उपयोग मोठा. लाईट गेल्यावर लॅपटॉप चालू आणि नेट बंद, अशी अडचण मग राहत नाही.

*

मॉनिटरबरोबर येणारं माहितीपुस्तक कोणी वाचत नाही. त्यात शेवटच्या पानांवर लिहिलेलं असतं: चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश. बऱ्याच लॅपटॉपना तर ३५ च. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याखालची खोली दुपारी चाळिशी सहज ओलांडते. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेबाहेर आपण ते चालवत असतो. संगणक लगेच बंद पडत नाही. तो स्वतःला वाचवायला हळू होतो, आणि आपण म्हणतो, “मशिन जुनं झालं.”

मी टेबल घराच्या जुन्या, धाब्याच्या खोलीत नेलं. मातीचं जाड छत दुपारी जो गारवा राखतं तो स्लॅबच्या खोलीत पंखा लावूनही मिळत नाही. धाब्याची अडचण एकच, वरून माती झरते. त्यासाठी टेबलावर जाड कापडाचं छत ताणलं. वाळवीसाठी टेबलाचे पाय भिंतीपासून चार बोटं सुटे, आणि पायांखाली स्टीलच्या वाट्या.

कूलर सगळ्यांकडे असतो. त्याचं तोंड आपल्याकडे असावं, सीपीयूकडे नको. ओलं वारं आणि वावटळीची बारीक धूळ सीपीयूच्या पंख्यावर एकत्र आली की तिचा गिलावा होतो, तो ब्लोअरनेही निघत नाही. खिडकी उघडी ठेवून कूलर चालवला तरच तो गार करतो. बंद खोलीत नुसती दमट हवा साठते, आणि दमट हवेत कागद फुगतो, छपाईचा प्रूफ वळतो.

लग्नसराई नेमकी याच दिवसांत. एप्रिल-मेमध्ये मी पहाटे बसते, अकराला उठते, आणि पुन्हा रात्री जेवणानंतर बसते. भर दुपारी यंत्रालाही विश्रांती आणि मलाही.

*

टेबल सुतारमिस्तरींकडून करून घेतलं. बाजारातलं तयार कॉम्प्युटर टेबल मागेपुढे दीड-दोन फुटांचं असतं, म्हणजे मॉनिटर नाकाशी येतो. मॉनिटर हात लांब केल्यावर बोटांची टोकं टेकतील इतका दूर हवा. म्हणून मागेपुढे अडीच फूट घेतलं, लांबी सहा फूट. प्लाय एकोणीस एमएमचा, खालून मधोमध सागवानी पट्टी, म्हणजे वजनाने पोट निघत नाही. सनमायका मॅट. चकचकीत सनमायकात ट्यूबलाइट दिसते आणि ती दिवसभर डोळ्यांत जाते.

उंचीवर मिस्तरींशी बोलणं झालं. तीस इंच हे लिहायच्या टेबलाचं माप आहे, त्यांच्या हातात तेच बसलेलं. टायपिंगला कोपर काटकोनात, खांदे सैल, मनगट सरळ हवं. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला तीस इंचांवर खांदे उचलूनच टाइप करावं लागतं. सत्तावीस इंच केलं. मिस्तरींनी मला खुर्चीवर बसवून, कोपराखाली पट्टी धरून माप घेतलं. शिंपी कपड्याचं माप घेतो तसंच टेबलाचंही घ्यावं.

*

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. चाळिशीनंतर बायफोकल चष्मा लागला असेल तर आणखी खाली, कारण चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायला माणूस हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मानेमागे कळ येते. डॉक्टरकडे जायच्या आधी मॉनिटर दोन इंच खाली घेऊन बघावा.

दोन मॉनिटर सारखे लावले आणि त्यांची सांध नाकासमोर आली, तर दिवसभर मान डावीकडे किंवा उजवीकडेच राहते, सरळ कधीच नाही. ज्यावर जास्त काम त्याला समोर ठेवायचं, दुसऱ्याला बाजूला थोडा कोन करून. मान वळवायची वेळ आली तर खुर्चीच वळवायची.

खिडकी बाजूला असावी. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनमध्ये अंगण दिसतं.

*

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते: ताडून बघणं.

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत आणि ती चांगली आहेत. पण बदलताना दोन जागा घसरतात, पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार जुन्या फॉन्टात अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये अक्षराआधी. जोडाक्षर आलं की साधनाला कळत नाही वेलांटी कुठवर न्यायची. ‘वर्षांपूर्वी’ घ्या. ‘र्षां’च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी-शेजारी, पुढे ‘पू’ला खाली दीर्घ उकार, आणि ‘र्वी’ला वर वेलांटी आणि तिच्यात अडकलेला रफार. यातलं एक चिन्ह निसटलं तरी शब्द ओळखता येतो, म्हणूनच वाचताना चूक दिसत नाही. आणि मग आपला खास मराठी ऱ्या. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्राचा ‘दर्या’. आचारी जेवायला वाढतात ते ‘आचाऱ्यांनी’, आणि गुरुजन शिकवतात ते ‘आचार्यांनी’. साधन दोन्हींचं एकच करून टाकतं. स्मरणिकेत आचार्यांच्या जागी आचारी छापले गेले तर संस्थेचा अपमान होतो, आणि पेपरवाले ते सोडत नाहीत.

याला उपाय एकच. डाव्या मॉनिटरवर जुन्या पानाची पीडीएफ, समोरच्यावर नवा मजकूर, दोन्हींची ओळ समान उंचीवर, आणि डावीकडून उजवीकडे शब्दाशब्दाने. एकाच मॉनिटरवर खिडक्या अदलाबदल करत हे काम होत नाही. मधल्या क्षणात मन वाक्य विसरतं आणि जे असायला हवं तेच तिथे आहे असं समजतं. मी दोन्ही तऱ्हांनी काम केलं आहे. दुसरा मॉनिटर आल्यावर माझ्या प्रुफांतल्या चुका निम्म्याहून कमी झाल्या असतील, असं छापखान्याचे मालकही म्हणाले.

*

म्हणून मॉनिटर किती मोठा यापेक्षा अक्षर किती रेखीव दिसतं हे बघावं. २४ इंची फुल एचडीत एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात. तेच ठिपके २७ इंचांवर पसरले की ८२ च उरतात, म्हणजे मोठा मॉनिटर घेऊन अक्षर फुटकं झालं. २७ इंची फोर-के घेतला तर १६३. इंग्रजीला ९२ पुरतात. देवनागरीत रेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे चिन्हं लागतात, आणि रफाराशेजारच्या अनुस्वाराला स्वतःचे दोन-तीन ठिपके मिळाले नाहीत तर तो रफारातच विरघळतो. पैसे कमी असतील तर दोन स्वस्त मॉनिटरांऐवजी समोरचा एक चांगला घ्यावा, बाजूचा जुना चालेल.

बाजूचा मॉनिटर मी उभा लावला आहे. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेमी लांब आणि ३० सेमी उंच. आडवा ठेवला तर ए-फोर पानाची २९.७ सेमी उंची वरच्या पट्ट्यांसकट बसत नाही. उभा केला की पूर्ण पान खऱ्या मापात दिसतं आणि खाली जागा उरते. उभा करायचा असेल तर आयपीएस पॅनल बघून घ्यावा. स्वस्त टीएन पॅनल उभा केला की डावीकडून एक रंग आणि उजवीकडून दुसरा दिसतो. स्टँडवर वळत नसेल तर मागे चार भोकं असतात, ७५ किंवा १०० एमएमच्या चौकोनात. त्यात भिंतीची किंवा टेबलाची खुंटी बसते. टेबलाला पकडणारा हात भुसाप्लायवर लावू नये, प्लाय दबून तुटतो.

*

तिसरा मॉनिटर गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहे. माझ्या टेबलावरची सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असं कोणी विचारलं तर मी हाच दाखवीन.

लग्नपत्रिका हे पाच-सात जणांचं एकत्र काम असतं. नवरदेवाचे वडील, एक काका, मामा, आणि बहुतेक वेळा पत्रिका ज्याला ‘वाचता येते’ असा एक जावई. आधी हे सगळे माझ्या खुर्चीमागे उभे राहत, खांद्यावरून वाकून वाचत. जो सर्वांत मागे तो काहीच वाचू शकत नसे आणि छापून आल्यावर त्याचंच नाव चुकलेलं निघे. आता ते टेबलापलीकडे खुर्च्यांवर बसतात. मी विंडोज कीबरोबर ‘पी’ दाबून ‘डुप्लिकेट’ करते, म्हणजे माझ्यासमोर जे तेच त्यांच्यासमोर. मी चार नावांपेक्षा जास्त नावं एका वेळी मोठी करत नाही. जावई मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. “रामदास आप्पांच्या आधी भगवान नाना घ्या, नाना मोठे.” “कै. लावलं का आजोबांना?” मामाचं गाव लासूर की अडावद, गावाच्या नावापुढे तालुका लिहायचा की नाही, व्याह्यांची नावं कोणत्या रकान्यात, हे सगळं त्या खुर्च्यांवर ठरतं.

मान-पान हा इथे गंभीर विषय आहे आणि तो तसाच हाताळावा. पत्रिकेत राहिलेलं नाव हे नात्यात राहिलेलं नाव असतं. वर्षानुवर्षं माणसं त्यावरून बोलत नाहीत. समोर मॉनिटर असला की प्रत्येकजण आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघून जातो. मंजुरीची सही मी तिथेच घेते.

आणखी एक. हा मॉनिटर इतर वेळी बंद असतो, आणि चालू असेल तेव्हा ‘डुप्लिकेट’वर असतो की ‘एक्स्टेंड’वर हे मी दोनदा बघते. एकाच्या घरचा हिशोब दुसऱ्याला दिसता कामा नये.

*

कीबोर्ड एकच असावा, बोटांना एकच सवय असावी. माझी बोटं टाइपरायटरच्या मांडणीची आहेत. तीच मांडणी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि तीच नव्या संगणकात लावून घेतली. नव्याने शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्ट शिकवते: स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला, आणि भारतातल्या बहुतेक लिप्यांना जागा त्याच.

दोन संगणकांना एक कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर वापरायचे तर केव्हीएम स्विच नावाचा डबा मिळतो. बटण दाबलं की पलीकडचा संगणक समोर. डोंगल मात्र त्या डब्यावर लावायचं नाही, थेट जुन्या संगणकालाच. डबा बदलला की यूएसबी तुटतं, आणि कुलूप निघालं की सॉफ्टवेअर काम मध्येच सोडून देतं. माझं जुन्या पोर्टचं असल्याने हा प्रश्न आला नाही, पण ज्यांचं यूएसबीचं आहे त्यांनी जपावं.

नवा संगणक आणि लॅपटॉप यांच्यात डबाही लागत नाही. ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ हे मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन आहे, त्यात माऊस एका मॉनिटरच्या कडेवरून सरळ दुसऱ्या संगणकावर जातो, आणि इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होतं. चार संगणकांपर्यंत चालतं.

लॅपटॉप घेताना विचारावं: बाहेरचे मॉनिटर किती चालतील? २०२० च्या एम-वन मॅकबुक एअरला बाहेरचा एकच चालतो, पैसे कितीही मोजले असले तरी.

*

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी सोडलं. तो संगणक नेटला जोडायचा नाही, कधीच नाही. फाइल पेनड्राइव्हने जाते-येते, आणि पेनड्राइव्ह दर वेळी नव्या संगणकावर तपासला जातो. लोकांचे पेनड्राइव्ह मी जुन्या संगणकाला लावू देत नाही.

*

शिशाच्या खिळ्यांच्या काळात मराठी जुळाऱ्याचं काम इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा अवघड होतं. जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार यांमुळे देवनागरीला कितीतरी जास्त घरं लागत. त्यामुळे समोर एक पेटी, बाजूंना आणखी पेट्या, आणि मध्ये जुळारी. सतत लागणारे खिळे हाताशी, क्वचित लागणारे लांब. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांचं आजही नाव निघतं. खिळे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचा त्यात मोठा वाटा. पण ती अक्षरं पानावर आणणारे हात पेट्यांच्या घेऱ्यात दिवसभर उभे असत. मॉनिटर आणि संगणक मांडताना मी त्यांचा नियम वापरते: दर मिनिटाला लागतं ते समोर, तासाला लागतं ते हात लांबवून, दिवसातून एकदा लागतं ते उठून.

हस्तलिखितासाठी लाकडी उतरतं स्टँड केलं आहे, कीबोर्ड आणि मॉनिटर यांच्या मधोमध. कागद टेबलावर सपाट ठेवून टाइप केलं की मान खाली-वर होत राहते.

*

कोश. अहिराणी कवितासंग्रह जुळवायला आला की संगणक प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतो; त्याला अहिराणी माहीतच नाही. ती तपासणी बंद करून डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश शेजारी उघडा ठेवते. मराठीसाठी अरुण फडके यांचा लेखन-कोश हाताच्या अंतरावर. शंका मोठी असेल तर लॅपटॉपवर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश. दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश चोपड्यात धाब्याच्या खोलीत बसून चाळता येतो. हे सुख मी दर वेळी नव्याने मानते.

*

तापीपलीकडे अमळनेर. तिथे १९४५ च्या डिसेंबरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली, मोहम्मद हाशम प्रेमजींची. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ साली वडील वारल्यावर अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून आले, आणि ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर ती कंपनी संगणकांकडे वळली. संगणकाचं काम मात्र बेंगळुरूला उभं राहिलं. अमळनेरच्या कितीतरी घरांत शेअर राहिले आणि त्यांनी लोकांची आयुष्यं बदलली, पण आमची शिकलेली मुलं कामासाठी पुण्याला आणि बेंगळुरूलाच गेली.

२०२० च्या टाळेबंदीत ती परत आली. ओसरीत, माळ्यावर, केळीच्या मळ्यातल्या घरात लॅपटॉप घेऊन बसली. कोणाचं टेबल शिलाई मशिनचं, कोणाची खुर्ची प्लास्टिकची. काही जण थांबू शकले असते. गेले ते लाईट, नेट आणि पाठदुखी यांना कंटाळून गेले, असं त्यांच्या आयांनी मला सांगितलं. चोपड्याला रेल्वे नाही, सुटा भाग जळगावहून एसटीने येतो, हे सगळं खरं. तरीही एक नीट अर्थिंग, एक बॅटरी, एक मापाचं टेबल आणि दोन मॉनिटर यांच्यावर पुण्याच्या तोडीचं काम इथे होतं, हे मी रोज बघते. म्हणूनच या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवते आहे.

*

व्हॉट्सॲप कोणत्याही मॉनिटरवर उघडायचं नाही. ते फोनवर, फोन खिडकीत. मजकूर घ्यायचा तेव्हा लॅपटॉपवर उघडायचं, घेऊन लगेच बंद. जागा मोकळी दिसली की मन तिथे काहीतरी आणून ठेवतं, आणि तिसऱ्या मॉनिटरचा खरा धोका तोच आहे.

विंडोज, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबले की उघडी खिडकी शेजारच्या मॉनिटरवर जाते. माऊसने ओढायची गरज नाही. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

*

जुना संगणक किती वर्षं चालेल, सांगता येत नाही. त्याची हार्ड डिस्क आता आवाज करते. विंडोज १० लाही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला सोडलं, म्हणजे आज जे नवं म्हणतो तेही याच रांगेत आहे. एक्सपीवर गावातल्या शाळांच्या स्मरणिका आहेत, सहकारी संस्थांचे अहवाल आहेत, काही कवींचे पूर्ण संग्रह आहेत. त्यातल्या कितींच्या छापील प्रती संस्थांकडे उरल्या असतील, शंकाच आहे. म्हणून रोज सकाळी बाहेरचं काम सुरू करायच्या आधी एक जुनी फाइल उघडते, पीडीएफ काढते, मजकूर युनिकोडमध्ये बदलते आणि डावीकडून उजवीकडे ताडून घेते. शाळांच्या फाइली आधी, पत्रिका सर्वांत शेवटी. एक प्रत माझ्याकडे, एक संस्थेकडे, एक दुसऱ्या गावी. शिकणाऱ्या दोघींपैकी एकीला या कामात गोडी लागली आहे. तिच्यासाठी उभ्या मॉनिटरसमोर दुसरी खुर्ची लागणार, आणि तिची उंची माझ्याहून जास्त असल्याने मिस्तरींना पुन्हा बोलावलं आहे.